ठरलेले नाव, सामाईक जागा

मोबाइलवरच्या तिकिटांच्या अ‍ॅपमध्ये गाड्यांची यादी दिसते. त्यातल्या एका गाडीवर बोट ठेवले की दुसरा स्क्रीन उघडतो आणि त्याच गाडीची वेळ, भाडे, शिल्लक जागा तिथे हजर असतात. हे इतके सरावाचे झाले आहे की त्यात काही कोडे असेल असे वाटत नाही. पण आहे. एका स्क्रीनवरची माहिती दुसऱ्या स्क्रीनकडे जाताना सहसा अँड्रॉइडच्या हातून जाते. वाटेत ती सपाट बाइट्सच्या रूपात बांधली जाते आणि पलीकडे पुन्हा उलगडून मूळ आकारात उभी केली जाते. आता अडचण पाहा. अँड्रॉइडचा हा कोड लिहिला गेला तेव्हा ते अ‍ॅप जन्मालाही आले नव्हते. अ‍ॅपच्या प्रोग्रॅमरने ‘गाडी’ नावाचा काही प्रकार बनवला आहे, त्यात वेळ कुठे आणि भाडे कुठे, हे अँड्रॉइडला माहीत असण्याचे काही कारण नाही. मग बाइट्सच्या त्या गाठोड्यातून ‘गाडी’ पुन्हा उभी राहते कशी?

उत्तर एका ठरलेल्या नावात आहे. ज्या क्लासची माहिती अशी बांधून न्यायची, त्यात ‘क्रिएटर’ नावाचे फील्ड असलेच पाहिजे आणि ते सार्वजनिक व स्टॅटिक असले पाहिजे, असा अँड्रॉइडचा दंडक आहे. गाठोड्यात क्लासचे नाव साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असते. अँड्रॉइड ते नाव वाचते, त्या नावाचा क्लास शोधते, त्यातले ‘क्रिएटर’ फील्ड उघडते आणि तिथे ठेवलेल्या वस्तूकडून ‘गाडी’ बनवून घेते. कोड लिहिताना ज्याचा पत्ताच नव्हता अशा क्लासच्या आत, प्रोग्रॅम चालू असताना, निव्वळ नावावरून शोध घेण्याच्या या सोयीला रिफ्लेक्शन म्हणतात. अँड्रॉइडचा हा कोड ज्या जावा भाषेत आहे, तिच्यात ती १९९७ साली, १.१ या आवृत्तीत आली. तिने फील्ड वाचता येते, बदलता येते आणि खासगी म्हणून झाकलेलेही उघडता येते. ही सगळी एकाच हत्याराची कामे असल्यामुळे ती सारख्याच तोलाची वाटतात, पण स्टॅटिक फील्डच्या बाबतीत तसे नाही. क्लासच्या लेखकाने जे नाव देऊ केले आहे ते वाचणे भाषेच्या रचनेत बसते. त्यापलीकडे टाकलेले प्रत्येक पाऊल अशा जागेत पडते जी एकट्याची नसते.

स्टॅटिक फील्ड राहते कुठे?

क्लास म्हणजे नमुना आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्याबरहुकूम बनलेली प्रत्यक्ष वस्तू. ‘गाडी’ हा क्लास असेल तर डेक्कन क्वीन आणि प्रगती एक्स्प्रेस ही त्याची दोन ऑब्जेक्ट. दोघींची सुटण्याची वेळ वेगळी, म्हणून वेळेचे फील्ड प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये वेगवेगळे साठवावे लागते. पण काही गोष्टी कुठल्याच एका ऑब्जेक्टच्या नसतात, त्या सबंध क्लासच्या असतात. त्यांना स्टॅटिक फील्ड म्हणतात. गृहनिर्माण सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा फ्रिज वेगळा असतो, पण गच्चीवरची पाण्याची टाकी सगळ्यांना मिळून एकच. ‘फ्रिजमध्ये दूध आहे का’ असे विचारले तर ‘कोणाच्या फ्लॅटमध्ये?’ हा प्रतिप्रश्न येणारच. ‘टाकी भरली का’ या प्रश्नाला फ्लॅटचा नंबर लागत नाही. सोसायटीत अजून एकही कुटुंब राहायला आले नसले तरी टाकी असतेच आणि तिच्याविषयी विचारता येते.

रिफ्लेक्शन शिकणाऱ्याला जी गोष्ट हमखास खटकते तिचा उलगडा इथेच होतो. फील्डचे मूल्य काढून देणारी ‘गेट’ ही मेथड एक ऑब्जेक्ट मागते, कारण कोणाचे फील्ड हवे ते तिला कळायला हवे. स्टॅटिक फील्ड वाचताना मात्र तिथे ‘नल’, म्हणजे ‘काहीच नाही’, असे लिहितात. काहीच न देता काहीतरी मिळते, ही जादू वाटते. पण फ्लॅटचा नंबर विचारण्याच्या रकान्यात रेघ मारण्याइतकेच ते साधे आहे. जावाचे अधिकृत दस्तऐवज स्पष्टच सांगतात की फील्ड स्टॅटिक असेल तर दिलेल्या ऑब्जेक्टकडे लक्ष दिले जात नाही. हवे तर डेक्कन क्वीन द्या, उत्तर तेच येईल. उलट फील्ड साधे असेल आणि ‘नल’ दिले तर प्रोग्रॅम तिथेच ‘नलपॉइंटरएक्सेप्शन’ देऊन थांबतो. जावाच्या हॉटस्पॉट या प्रचलित यंत्रणेत सातव्या आवृत्तीपासून स्टॅटिक फील्डची मूल्ये क्लासचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खास ऑब्जेक्टमध्येच साठवली जातात, म्हणजे टाकीला खरोखरच इमारतीच्या नावावर जागा मिळालेली आहे.

‘क्रिएटर’ स्टॅटिकच का हवे, हेही यातून कळते. ‘गाडी’ बनवणारी वस्तू ‘गाडी’च्या ऑब्जेक्टमध्ये ठेवली असती तर ती मिळवायला आधी ‘गाडी’ हवी, आणि ‘गाडी’ मिळवायला ती वस्तू. हा पेच फक्त क्लासच्या पातळीवरची जागाच सोडवू शकते.

‘एकच’ या शब्दाला मात्र एक पोटकलम आहे, आणि अनुभवी प्रोग्रॅमरही त्यात अडकतात. जावामध्ये क्लासची ओळख केवळ नावाने ठरत नाही. नाव आणि तो क्लास स्मृतीत आणणारा क्लास लोडर, या दोहोंनी मिळून ती ठरते. टॉमकॅटसारखा सर्व्हर प्रत्येक वेब अ‍ॅपला वेगळा लोडर देतो. त्यामुळे एकाच यंत्रणेत एकाच नावाचे दोन क्लास नांदू शकतात आणि त्यांची स्टॅटिक फील्डही दोन असतात. रिफ्लेक्शनने चुकीच्या लोडरकडे चौकशी केली तर कसलीही तक्रार न येता दुसऱ्याच प्रतीतले मूल्य हाती येते. त्रुटीचा संदेश आला असता तर परवडले असते.

नावापासून मूल्यापर्यंत

आता ही वाट पायरीपायरीने चालून पाहू. पहिली पायरी नावावरून क्लास मिळवण्याची, त्यासाठी ‘क्लास.फॉरनेम’ ही मेथड आहे. दुसरी पायरी फील्ड शोधण्याची, आणि इथे दोन दारे आहेत. ‘गेटफील्ड’ फक्त सार्वजनिक फील्ड दाखवते, पण ते पूर्वज क्लास आणि इंटरफेस यांच्याकडून आलेले असले तरी चालते. ‘गेटडिक्लेअर्डफील्ड’ खासगी फील्डही दाखवते, पण त्याच क्लासमध्ये लिहिलेले असेल तरच. पूर्वजाचे खासगी फील्ड हवे असेल तर पूर्वजाकडेच जावे लागते. तिसरी पायरी परवानगीची. खासगी फील्ड सापडले म्हणून वाचता येतेच असे नाही. त्याआधी ‘सेटअ‍ॅक्सेसिबल’ला ‘ट्रू’ सांगून तपासणी बाजूला ठेवायला लावावी लागते. शेवटची पायरी ‘गेट’ची, कंसात ‘नल’ लिहून. साध्या कोडमध्ये नावाची चूक कंपायलर जागीच पकडतो. इथे नाव अवतरणचिन्हांत ठेवलेला मजकूर असल्यामुळे कंपायलरला त्याच्याशी कर्तव्य नसते, आणि चूक प्रोग्रॅम चालताना, कधीकधी गिऱ्हाइकासमोर, उघडी पडते.

या वाटेवरचा सर्वांत नाजूक क्षण ध्यानात येत नाही, कारण तो कोडमध्ये दिसत नाही. स्टॅटिक फील्डला पहिले मूल्य देण्यासाठी क्लासचा स्वतःचा काही कोड चालावा लागतो आणि तो क्लासच्या पहिल्या खऱ्या वापराच्या वेळी चालतो. म्हणजे ‘फक्त वाचतो आहे’ म्हणणारा माणूस नकळत दुसऱ्याचा कोड चालवत असतो. ‘क्लास.फॉरनेम’ला नुसते नाव दिले तरी हा आरंभीचा कोड चालतो. अँड्रॉइडच्या कर्त्यांना याची पूर्ण जाणीव होती. गाठोड्यात आलेले नाव बाहेरून आलेले असते, त्यावर आंधळा विश्वास टाकता येत नाही. म्हणून तिथे ‘क्लास.फॉरनेम’चा असा प्रकार वापरला आहे ज्यात आरंभ करू नको असे सांगता येते. आधी क्लास हाती घ्यायचा, तो असे बांधून नेण्याचा करार पाळणारा आहे का आणि त्यात स्टॅटिक ‘क्रिएटर’ आहे का ते तपासायचे, आणि मगच फील्ड वाचायचे. ‘क्रिएटर’ सापडले पण ते स्टॅटिक नसेल, तर अँड्रॉइड अपवाद फेकून काम थांबवते. सापडलेली वस्तू नंतर लोडर आणि नाव यांच्या जोडीवर नोंदवून ठेवली जाते, त्यामुळे त्या क्लाससाठी हा शोध पुन्हा घ्यावा लागत नाही. रिफ्लेक्शन संथ असते म्हणून टाळावे, या जुन्या तक्रारीला हे पुरेसे उत्तर आहे.

जावाच्या पोटातही असेच एक ठरलेले नाव आहे. ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवून परत आणण्याच्या सोयीला सीरियलायझेशन म्हणतात. साठवल्यानंतर क्लासचा आराखडा बदलला तर नव्या क्लासने जुनी माहिती स्वीकारावी का, हे ‘सीरियलव्हर्जनयूआयडी’ नावाच्या स्टॅटिक फील्डमधल्या आकड्यावरून ठरते. हे फील्ड बहुधा खासगी असते. जावाची यंत्रणा ते नावाने शोधते, ते स्टॅटिक आणि फायनल दोन्ही आहे ना याची खात्री करते, तपासणी बाजूला ठेवते आणि ‘नल’ देऊन आकडा वाचते. म्हणजे खासगी फील्ड वाचणे हा दरवेळी आगाऊपणा नसतो. ते नाव जाहीर ठरलेले आहे आणि क्लासच्या लेखकाने ते मुद्दाम याच कामासाठी लिहिले आहे.

चौकट : लेखातले पारिभाषिक शब्द
*क्लास* हा नमुना, *ऑब्जेक्ट* ही त्यावरून बनलेली वस्तू, *फील्ड* ही माहिती ठेवण्याची नाव दिलेली जागा. *स्टॅटिक* फील्ड क्लासमागे एक असते, ऑब्जेक्टमागे नव्हे. *फायनल* म्हणजे एकदा मूल्य दिल्यावर ती जागा पुन्हा बदलायची नाही. *खासगी* म्हणजे क्लासच्या बाहेरच्या साध्या कोडला ती दिसणार नाही. *कंपायलर* माणसाने लिहिलेल्या कोडचे यंत्रणेला कळणाऱ्या रूपात भाषांतर करतो.

दोन अधिक दोन पाच

ठरलेल्या नावापलीकडे गेले की काय होते, ते जावा प्रोग्रॅमरांच्या एका प्रसिद्ध खोडीत स्वच्छ दिसते. जावामध्ये संख्या दोन रूपांत असते: एक नुसता आकडा आणि दुसरे तो आकडा पोटात असलेले ‘इंटिजर’ ऑब्जेक्ट. २००४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून गरज पडेल तिथे आकड्याचे ऑब्जेक्ट आपोआप होते. लहान संख्या सतत लागतात, म्हणून उणे १२८ ते १२७ या संख्यांची ऑब्जेक्ट आधीच बनवून एका रांगेत ठेवलेली असतात. ही रांग ‘इंटिजरकॅश’ या खासगी क्लासच्या स्टॅटिक फायनल फील्डमध्ये असते. रांगेतले शून्याव्या क्रमांकाचे घर उणे १२८चे, म्हणजे ४ हा आकडा १३२व्या क्रमांकाच्या घरात आणि ५ त्याच्या शेजारी. आठव्या आवृत्तीपर्यंत रिफ्लेक्शनने हे फील्ड विनातक्रार वाचून रांग हाती घेता येत असे आणि १३२व्या घरात शेजारच्या ५चे ऑब्जेक्ट ठेवता येत असे. त्यानंतर ‘प्रिंटएफ’ला दोन अधिक दोन छापायला सांगितले की पडद्यावर पाच उमटतो. बेरीज चुकलेली नसते. ती कंपायलरनेच करून ४ असे लिहून ठेवलेले असते. ‘प्रिंटएफ’ला ऑब्जेक्ट लागते म्हणून ४चे ऑब्जेक्ट मागितले जाते, आणि ४च्या घरात आता पाच बसलेला असतो. तीच बेरीज ‘प्रिंटएलएन’ने छापली तर निमूटपणे चार येतात, कारण त्याला नुसता आकडा चालतो.

खोडी गमतीची असली तरी तिच्यात दोन गंभीर गोष्टी आहेत. पहिली म्हणजे या प्रकारात फील्डवर काही लिहिलेच गेले नाही, ते फक्त वाचले गेले. ‘फायनल’ने जागेचे रक्षण केले, जागेत असलेल्या रांगेचे नाही. म्हणून ‘वाचणे निरुपद्रवी, लिहिणे वाईट’ अशी सोपी वाटणी इथे टिकत नाही. न ठरलेले वाचणेही लिहिण्याची वाट मोकळी करून देते. दुसरी गोष्ट टाकीची. एखाद्या ऑब्जेक्टचे साधे फील्ड कोणी बिघडवले तर नुकसान त्या ऑब्जेक्टशी संबंध येणाऱ्यांचे. इथे मात्र त्याच यंत्रणेत चालणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा चार पाच झाला, आणि त्यातल्या कोणाच्याही कोडमध्ये दोष सापडणार नाही.

बदलूनही न बदललेले

बरे, स्टॅटिक फायनल फील्डवर थेटच लिहायचे ठरवले तर? जावाचा नियम इथे विशेष कडक आहे. साध्या फायनल फील्डवर ‘सेटअ‍ॅक्सेसिबल’नंतर लिहिता येते, स्टॅटिक फायनलवर त्यानंतरही लिहिता येत नाही, ‘इललीगलअ‍ॅक्सेसएक्सेप्शन’ मिळते. लोकांनी यालाही बगल दिली. रिफ्लेक्शनमध्ये फील्डचे वर्णन करणारे ‘फील्ड’ हेही शेवटी एक ऑब्जेक्टच, आणि ते फायनल आहे की नाही ही खूण त्याच्या ‘मॉडिफायर्स’ या खासगी फील्डमध्ये. मग रिफ्लेक्शननेच ती खूण पुसायची आणि मोकळे झालेल्या फील्डवर लिहायचे. ही युक्ती वर्षानुवर्षे चालली. २०१९च्या मार्चमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीने ‘फील्ड’ क्लासची स्वतःची फील्ड शोधात दिसेनाशी केली आणि ती वाट बंद झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर ३.०नेही ‘रीडओन्ली’ स्टॅटिक फील्डवर रिफ्लेक्शनने लिहिणे नाकारायला सुरुवात केली. दोन वेगळ्या भाषाकुळांनी एकाच निष्कर्षाला यावे, याला माझ्या मते तांत्रिक कारण आहे.

ते कारण असे. संख्या किंवा मजकूर यांचे स्टॅटिक फायनल मूल्य कंपायलरला आधीच कळत असेल, तर ते वापरणाऱ्या इतर क्लासमध्ये तो फील्डचा पत्ता लिहीत नाही, मूल्यच उतरवून ठेवतो. त्या क्लासला नंतर मूळ फील्डकडे जावे लागतच नाही. समजा कमाल मर्यादा १०० असे फील्ड होते आणि युक्तीने ते २०० केले. रिफ्लेक्शनने वाचणाऱ्याला २०० दिसतील, साध्या कोडला १०० दिसत राहतील. जी मूल्ये कंपायलर उतरवत नाही, त्यांच्या बाबतीत प्रोग्रॅम चालू असताना कोड वेगवान करणारी यंत्रणा तेच करते. स्टॅटिक फायनल बदलणार नाही यावर भरवसा ठेवून ती मूल्य यंत्रभाषेत गोठवते. मग बदल कोणाला दिसेल हे त्या क्षणापर्यंत कोणता भाग किती वेळा चालला होता यावर अवलंबून राहते. असे लेखन ‘शक्य’ आहे म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, कारण एकाच फील्डची दोन मूल्ये एकाच वेळी खरी असतात.

आक्षेप आणि त्यांचे वजन

सर्वांत वजनदार आक्षेप चाचण्या लिहिणाऱ्यांचा आहे. जुन्या कोडमध्ये घड्याळ, सेटिंग्ज, डेटाबेसची जोडणी अशा गोष्टी स्टॅटिक फील्डमध्ये ठेवलेल्या असतात. चाचणीपुरते खोटे घड्याळ बसवायचे तर रिफ्लेक्शनवाचून गत्यंतर काय? स्प्रिंगसारख्या लोकप्रिय फ्रेमवर्कमध्ये चाचणीसाठी स्टॅटिक फील्ड बदलण्याची तयार सोय दिलेली आहे, म्हणजे गरज खरी आहे. पण ज्या चाचणीने घड्याळ बदलले तिने ते परत लावले नाही, किंवा मध्येच ती कोसळली, तर पुढची चाचणी त्या खोट्या घड्याळावर चालते. चाचण्या समांतर चालत असतील तर एकमेकींच्या टाकीत हात घालतात. तेव्हा जुन्या कोडसाठी ही तडजोड मान्य करावी, पण नवा कोड लिहिताना तिच्यावर विसंबू नये. जावाने आठव्या आवृत्तीत ‘क्लॉक’ नावाचा क्लास दिला तो यासाठीच. घड्याळ बाहेरून हातात देता आले की कोणाच्या खासगी जागेत शिरावे लागत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: मशीन माझे, प्रोग्रॅम माझा, मग भाषेने मला का अडवावे? जावाचे उत्तर अडवण्याचे नाही, अधिकार कोणाचा हे ठरवण्याचे आहे. २०१७च्या नवव्या आवृत्तीत मॉड्यूल, म्हणजे आपले कोणते भाग बाहेरच्यांना उघडे हे जाहीर करणारे कोडचे गट, आले आणि जावाच्या अंतर्भागात रिफ्लेक्शनने शिरणाऱ्यांना आधी नुसती ताकीद मिळू लागली. २०२१ साली, सोळाव्या आवृत्तीत, मुळातच नकार मिळू लागला आणि सतराव्यात तो नकार सरसकट शिथिल करण्याची सोयही काढून टाकली. ‘इंटिजरकॅश’ची खोडी आता चालत नाही. तरी प्रोग्रॅम सुरू करताना ‘अ‍ॅड-ओपन्स’ या पर्यायाने नेमका हवा तेवढा भाग उघडता येतो. किल्ली प्रोग्रॅम चालवणाऱ्याकडे राहिली. कुठल्या तरी लायब्ररीच्या पोटातल्या, कोणी न वाचलेल्या ओळीकडून ती काढून घेतली. मालकाचा हक्क यात वाढलाच आहे.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो, आणि तो टाळून चालणार नाही. २०२१ सालीच पीएचपीने ८.१ या आवृत्तीत खासगी फील्ड उघडण्यासाठी लागणारी ‘सेटअ‍ॅक्सेसिबल’ची पायरी अनावश्यक करून टाकली. पायथनमध्ये तर क्लासच्या पातळीवरची बहुतेक मूल्ये कोणालाही नावाने वाचता-बदलता येतात, आणि तिथला कारभार सभ्यतेच्या संकेतावर चालतो. मग जावाचा कडकपणा म्हणजे भित्रेपणा का? पीएचपीपुरते तरी उत्तर ती भाषा वापरण्याच्या रीतीत आहे. तिच्या रूढ पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी स्टॅटिक फील्ड नव्याने तयार होतात आणि विनंती संपली की जातात. बिघाड केला तरी तो त्या विनंतीबरोबर वाहून जातो. जावाचा सर्व्हर आठवडेच्या आठवडे चालू राहतो आणि एकाच स्मृतीतून असंख्य लोकांची कामे करतो. टाकी किती जणांची आणि ती किती दिवसांनी रिकामी होते, यावर तिच्या झाकणाला कुलूप हवे की नको हे ठरायला हवे. पायथनचेही सर्व्हर दीर्घकाळ चालतात, तिथे मात्र मला संकेत पुरेसा वाटत नाही.

उरला न ठरलेले नाव केवळ वाचण्याचा प्रश्न. काही न बदलता कोणी दुसऱ्याचे खासगी स्टॅटिक फील्ड वाचले तर बिघडले कुठे? बिघडते ते पुढच्या आवृत्तीत. खासगी नाव बदलायला लेखक मोकळा असतो, आणि बदलले की वाचणारा कोड कोलमडतो. अँड्रॉइडने २०१८च्या नवव्या आवृत्तीपासून जाहीर न केलेल्या आपल्या अंतर्गत फील्डवर, रिफ्लेक्शनने केलेल्या वापरासह, निर्बंध आणले ते याच कारणाने. याची दुसरी बाजू अ‍ॅप लहान करणाऱ्या साधनांत दिसते. ही साधने क्लास आणि फील्ड यांची नावे आखूड करून टाकतात, आणि अवतरणचिन्हांतल्या मजकुरावरून होणारा शोध त्यांना नेहमीच ओळखता येत नाही. म्हणून अँड्रॉइडबरोबर मिळणाऱ्या मूळ नियमांतच ‘क्रिएटर’ला हात लावू नका असे लिहिलेले असते. ज्या नावाचा करार झालेला आहे त्याला असे संरक्षण मिळते. चोरून पाहिलेल्या नावाची नोंद ठेवायला कोणी बांधील नसतो.

नवी हत्यारेही याच दिशेने घडत आहेत. जावाच्या नवव्या आवृत्तीत आलेल्या ‘व्हारहँडल’ या फील्ड हाताळण्याच्या साधनात परवानगीची तपासणी हँडल हाती देतानाच एकदा होते. स्टॅटिक फायनल फील्डचे हँडल मागितले तर ते मिळते आणि त्यातून वाचताही येते. त्याच हँडलने लिहायला गेले तर ते काम उपलब्ध नसल्याचे उत्तर येते. साध्या फायनल फील्डवर रिफ्लेक्शनने लिहिण्याची जी सवलत इतकी वर्षे चालत आली, ती काढून घेण्याची पूर्वतयारी जावाच्या जेईपी ५०० या प्रस्तावात मांडलेली आहे.